‘कफ झालाय’ म्हणण्याआधी: तान्ह्या बाळाच्या श्वासाचा आवाज कुठून येतो, ते कसं शोधायचं

सव्वा महिन्याचं बाळ, त्याची आई, आजी आणि मागे पिशवी धरून उभा असलेला बाप दवाखान्यात आले की पहिलं वाक्य बहुतेक वेळा आजीचं असतं. “डॉक्टर, छातीत कफ दाटलाय बघा. पाठीवर हात ठेवला की हाताला घरघर लागते.” हाताला लागते हे अगदी खरं असतं. बहुतेक बाळांत ती नाकातल्या शेंबडाची किंवा घशाशी साचलेल्या दुधा-लाळेची घरघर असते आणि काहीही न करता जाते. पण याच शब्दाआड कधीमधी एखादं असं बाळ दडलेलं असतं, ज्याची श्वासाची वाटच जन्मतः कुठेतरी अरुंद, मऊ किंवा बंद आहे. कफाची औषधं, नेब्युलायझर, दोन-तीनदा अँटिबायोटिक असं सगळं होऊन जातं आणि अडथळा जिथल्या तिथे राहतो.

हा लेख त्या एका बाळासाठी आहे. आईवडिलांनी घरी काय बघायचं, आशाताईंनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी काय तपासायचं, पुढे मोठ्या रुग्णालयात काय होतं, ते ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने सांगतो. यातलं निम्मं काम कान आणि डोळे करतात, हे माझं मत बरीच वर्षं लहान मुलं तपासून पक्कं झालेलं आहे. श्वासाची वाट आतून बघायची दुर्बीण लागतेच, पण ती कुठे घालायची आणि किती घाईने घालायची ते आवाज सांगतो.

सगळ्यात आधी: लेख बाजूला ठेवायची वेळ

ओठ किंवा जीभ निळसर दिसते, श्वास मध्येच थांबतो, फासळ्यांमधली जागा आणि गळ्याची खळगी प्रत्येक श्वासाला खोल आत जाते, बाळ दूध ओढत नाही, हाका मारूनही सुस्त पडून राहतं. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात निघा. आणखी एक खूण फसवी आहे. इतका वेळ मोठा येणारा आवाज अचानक बारीक झाला, पण छाती तशीच ओढली जातेय. घरच्यांना वाटतं उतार पडला. खरं तर बाळ थकलेलं असतं आणि हवा आत जाणंच कमी झालेलं असतं.

जाताना बाळाला उभं, खांद्यावर घ्या. हनुवटी अगदी लहान असेल तर हातावर पालथं धरा आणि चेहऱ्यावरून नजर काढू नका. घशात बोट घालून ‘कफ काढायचा’ प्रयत्न कोणीही करू नये. बोटावरचं ऑक्सिजनचं मशीन ९७ दाखवतंय म्हणून निर्धास्त राहू नका. वरच्या वाटेच्या अडथळ्यात हा आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि पडायला लागला की भराभर पडतो.

चार मिलिमीटरचा हिशेब

तान्हं बाळ पहिले तीन-चार महिने मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. मोठ्या माणसाचं नाक चोंदलं की त्याचं तोंड आपोआप उघडतं. बाळाला हे चटकन जमत नाही. त्याचं स्वरयंत्र मऊ कूर्चेचं असतं, गळ्यात वरच्या बाजूला असतं. स्वरतंतूंच्या लगेच खालचा भाग तर कूर्चेच्या अख्ख्या कड्याने वेढलेला, त्यामुळे सूज आली की ती बाहेर पसरू शकत नाही, आतच येते.

चार मिलिमीटर व्यासाची नळी घ्या. चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की व्यास उरतो दोन. वाटेचं क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावर येतं आणि हवेला होणारा विरोध, तो व्यासाच्या चौथ्या घातात बदलत असल्याने, १६ पट होतो. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच सुजेने तो जेमतेम तिप्पट होईल. घरात सगळ्यांना झालेली तीच साधी सर्दी या बाळाला रुग्णालयात का नेते, त्याचं उत्तर या हिशेबात आहे.

पहिली पायरी: हात न लावता बघा

बाळ आईच्या मांडीवर असू द्या. अंगावरचं दुपटं, झबलं काढा, म्हणजे गळ्यापासून बेंबीपर्यंत सगळं दिसेल. स्टेथोस्कोप खिशातच राहू दे. थंड हात लागला की बाळ रडतं आणि रडायला लागलं की शांत श्वास पुन्हा बघायला मिळायला अर्धा तास जातो.

घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त आणि दोन महिने ते वर्षभरात ५० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. साठ किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा. न्यूमोनियात श्वास सहसा जलद होतो. वरच्या वाटेचा अडथळा असेल तर गती फारशी वाढलेली नसते, पण एकेक श्वास ओढून, कष्टाने घेतलेला दिसतो. गावाकडे ‘पोट उडतंय’ म्हणतात, त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र होतात, म्हणून नेमकं काय आत जातंय ते बघा. गळ्याची खळगी मुख्यतः ओढली जात असेल तर अडथळा बहुधा वर आहे, खालच्या फासळ्या ओढल्या जात असतील तर फुप्फुसाकडे आधी लक्ष जातं. अडथळा जबर असेल तर अर्थात सगळंच आत जातं.

(पोटावर डागण्या देण्याची प्रथा काही भागांत अजून पूर्ण गेलेली नाही. डाग असलेलं बाळ आलं तर आईला रागावू नका. ‘पोट उडत होतं म्हणून दिले’ हे तिने सांगितलं, तर श्वासाचा त्रास केव्हापासून आहे याची तारीख तुम्हाला आपसूक मिळते.)

दुसरी पायरी: आवाज श्वास घेताना की सोडताना?

सगळ्या तपासणीतला हा सर्वात मोलाचा प्रश्न, आणि तो विचारायला एक पैसाही लागत नाही. बाळाच्या पोटावर अलगद तळहात ठेवा. पोट वर येतं तेव्हा श्वास आत जातोय. आता कान द्या. आवाज पोट वर येताना येतो, खाली जाताना येतो, की दोन्ही वेळा?

श्वास आत ओढताना गळ्यातल्या वाटेत दाब कमी होतो आणि तिथल्या भिंती मऊ असतील तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. म्हणून श्वास घेतानाचा आवाज स्वरतंतूंच्या वरच्या किंवा स्वरतंतूंच्याच पातळीकडे बोट दाखवतो. छातीच्या आत उलटं घडतं. तिथली श्वासनलिका श्वास सोडताना दाबली जाते, म्हणून सोडतानाचा आवाज छातीतल्या नलिकेचा. आणि जिथे वाट पक्की अरुंद आहे, भिंत हलतच नाही, तिथे दोन्ही वेळा आवाज येतो. स्वरतंतूंच्या लगेच खालचं अरुंदपण हे त्याचं नेहमीचं उदाहरण. नियमाला अपवाद आहेत. वरचा मऊ भागही फार जास्त मिटत असेल तर दोन्ही वेळा वाजू शकतो. तरी सुरुवात इथूनच करायची.

मग आवाजाची जात. घोरल्यासारखा, भरड आवाज नाकातून किंवा जिभेच्या मागून येतो. डॉक्टर त्याला स्टर्टर म्हणतात. उंच पट्टीचा, पिपाणी फुंकल्यासारखा आवाज स्वरयंत्राकडचा, तो स्ट्रायडर. ओलसर खुळखुळ, जी एका खोकल्यानंतर किंवा गिळल्यानंतर जागा बदलते, ती साचलेल्या लाळेची. छातीवर कान लावून फसायला होतं, कारण गळ्यातला आवाज छातीभर पसरतो. स्टेथोस्कोप आधी नाकाजवळ, मग गळ्यावर, मग छातीवर ठेवा. जिथे सगळ्यात मोठा, तिथे उगम.

रडणंही ऐका. घोगरं, क्षीण किंवा अजिबात आवाज नसलेलं रडणं स्वरतंतूंचा दोष सुचवतं: एका बाजूचा तंतू न हलणं, किंवा दोन तंतूंमध्ये पडदा असणं. पडदा सापडलेल्या बाळाचं हृदय आणि रक्तातलं कॅल्शियम तपासायचं, कारण २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसण्याच्या विकाराशी त्याची जोडी असते. उलट, रडणं खणखणीत पण श्वास घेताना जोरदार स्ट्रायडर, असं असेल तर दोन्ही तंतू मधोमध येऊन अडकलेत का हा विचार हवा. रडणं छान आहे म्हणून स्वरयंत्र छान आहे, असं इथे चालत नाही. अशा बाळाच्या मेंदूचा एमआरआय लागतो. मेंदूचा मागचा भाग मानेच्या मणक्यात उतरलेला असणं हे त्यामागचं एक कारण असतं.

व्हिडिओ काढा, पण नीट

दवाखान्यात बाळ शांत झोपलेलं आणि आवाज गायब, हा नेहमीचा अनुभव. “घरी फार करतो हो डॉक्टर,” म्हणणारी आई खोटं बोलत नसते. मोबाइलवर घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ माझ्यासाठी कित्येकदा एक्स-रेपेक्षा जास्त बोलला आहे.

पंखा, टीव्ही बंद करा. बाळाची छाती आणि पोट उघडं, उजेड पुरेसा. चार व्हिडिओ हवेत: उताणं झोपलेलं, दूध पिताना, रडताना, आणि खांद्यावर किंवा पालथं असताना. मागून “बघा कसं करतंय” असं कोणी बोलू नये, ऐकायचा आवाज तुमचा नाही.

तिसरी पायरी: कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं

जन्मल्या क्षणापासूनचा त्रास वेगळा आणि महिन्याभराने सुरू झालेला वेगळा. नाकाचा मागचा भाग बंद असणं, दोन्ही स्वरतंतू न हलणं, स्वरतंतूंमधला मोठा पडदा ही मंडळी प्रसूतीगृहातच हजेरी लावतात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होऊन हळूहळू वाढत जाणारा आवाज बहुधा लॅरिंगोमलेशियाचा, म्हणजे मऊ स्वरयंत्राचा. पहिला महिना अगदी निवांत गेला आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दोन्ही श्वासांना आवाज येऊ लागला तर स्वरतंतूंखालची रक्तवाहिन्यांची गाठ डोक्यात यायलाच हवी.

बाळ जन्मानंतर व्हेंटिलेटरवर होतं का, हे मुद्दाम विचारा. नळीमुळे नंतर आलेलं अरुंदपण जन्मजात नसतं, पण ऐकायला तसंच लागतं. डिस्चार्ज कार्डावर नळी किती दिवस होती आणि कितव्या नंबरची होती ते शोधा. गरोदरपणात गर्भजल जास्त होतं का, तेही बघा. गर्भाला गिळता येत नसेल तर पाणी साठतं.

दुधाबद्दल नुसतं ‘पितो का’ असं विचारून भागत नाही. किती वेळ लागतो, मध्ये किती वेळा सोडून दम घेतो, प्रत्येक घोटाला खोकतो का, निळा पडतो का? प्रत्येक पाजण्याला ठसका लागत असेल तर दूध श्वासाच्या वाटेत जातंय. त्यामागे स्वरयंत्राच्या मागच्या भिंतीतली फट, अन्ननलिका आणि श्वासनलिका जोडणारा छोटा मार्ग किंवा न हलणारा स्वरतंतू असू शकतो.

आणि रडण्याचा प्रश्न: रडल्यावर त्रास वाढतो की कमी होतो? स्वरयंत्राचा आवाज रडल्यावर वाढतो. नाकाचा अडथळा रडल्यावर कमी होतो, कारण तोंड उघडतं. या एका उत्तराने पुढची पायरी ठरते.

चौथी पायरी: नाक

बाळ शांत झालं की निळं, रडलं की गुलाबी. प्रसूतीगृहात हे चक्र दिसलं तर नाकाचा मागचा भाग दोन्ही बाजूंनी बंद आहे असं धरून चाला. हा दोष, कोएनल अट्रेसिया, साधारण ५ ते ८ हजार जन्मांत एका बाळाला असतो. मुलींत जास्त दिसतो आणि दोन्हींपेक्षा एकच बाजू बंद असणं जास्त वेळा आढळतं.

घरी किंवा उपकेंद्रात: एका नाकपुडीसमोर कापसाचा बारीक धागा धरा, हलतो का बघा. मग दुसरी. किंवा थंड स्टीलचा चमचा नाकाखाली धरा, दोन नाकपुड्यांची वाफेची दोन वर्तुळं उमटायला हवीत. रुग्णालयात: सहा नंबरची मऊ कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, प्रत्येक नाकपुडीतून हळूच सरकवा. ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास ठाम अडकली आणि घशात उतरलीच नाही, तर संशय पक्का. कॅथेटर आतच वळून बसते आणि ‘गेली’ असं वाटतं, म्हणून तोंड उघडून घशात तिचं टोक खरोखर दिसतंय का बघा. सगळ्यात पुढेच, नाकपुडीच्या तोंडाशीच अडकत असेल तर नाकाचं हाडाचं दारच अरुंद असू शकतं. त्यात कधीकधी वरच्या जबड्यात मधोमध एकच मोठा दात येतो आणि मेंदूची तपासणी करावी लागते.

निदान पक्कं करायला सीटी स्कॅन लागतो. त्याआधी नाकातला चिकट स्राव ओढून काढायचा आणि सूज उतरवणारे थेंब टाकायचे, नाहीतर शेंबूड आणि पडदा सारखेच दिसतात. तोवर तोंडातून एअरवे, म्हणजे तोंडाने श्वास चालू ठेवणारी छोटी नळी, ठेवायचा आणि दूध तोंडातून घातलेल्या नळीने द्यायचं. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण बंद नाकात पोटाची नळी घालण्याचे प्रयत्न मी पाहिले आहेत. या बाळाचे डोळे, कान, हृदय आणि जननेंद्रियंही तपासायची. हे सगळे दोष एकत्र येणाऱ्या चार्ज सिंड्रोममध्ये नाक हा त्यातला एक भाग असतो.

एकच बाजू बंद असेल तर बाळाला सहसा काहीच होत नाही. पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत एका नाकपुडीतून घट्ट शेंबूड येत राहतो आणि घरचे सर्दीला कंटाळतात.

चोंदलेल्या नाकांपैकी बहुतेक अर्थातच नुसती चोंदलेली असतात. मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. मालिशवाल्या बाईंना मात्र एक गोष्ट ठामपणे सांगा: नाकात तेल सोडायचं नाही. ते फुप्फुसात जातं आणि वेगळाच, चिवट न्यूमोनिया होतो.

पाचवी पायरी: चेहरा, जबडा, कातडी

बाळाला बाजूने बघा. हनुवटी खूप मागे असेल, जीभ मागे पडत असेल, टाळूला यू आकाराची फट असेल तर हा पिअर रॉबिनचा प्रकार. उताणं ठेवलं की घोरतं आणि गुदमरतं, पालथं केलं की जीभ पुढे येऊन वाट मोकळी होते. निदानाची सगळ्यात सोपी चाचणी आणि पहिला उपचार इथे एकच. एरवी निरोगी बाळाला उताणंच झोपवायचं. पालथं झोपवणं डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच, आणि नजरेखाली. ते पुरलं नाही तर नाकातून घशापर्यंत नळी, आणि त्यापुढे जबड्याचं हाड हळूहळू लांबवण्याची शस्त्रक्रिया.

खालचा ओठ, हनुवटी, जबडा, गळ्याची पुढची बाजू, म्हणजे पुरुषाला दाढी येते तो भाग. तिथे लाल, मखमली डाग असेल आणि बाळाच्या श्वासाला आवाज असेल तर आतही तशीच रक्तवाहिन्यांची गाठ असण्याची शक्यता मोठी. बाहेर डाग नाही म्हणून आत गाठ नाही, असं मात्र धरू नका. गळ्यावर मऊ फुगवटा आहे का, तेही चाचपून बघा. जीभ खाली चिकटलेली असणं हे आवाजाचं कारण नाही. ती कापून आणलेली आणि तरी आवाज करणारी बाळं दिसतात.

लॅरिंगोमलेशिया: सगळ्यात सामान्य, म्हणूनच सगळ्यात फसवं

तान्ह्या बाळांच्या स्ट्रायडरचं हे सगळ्यात मोठं कारण, निम्म्याहून जास्त बाळांत हेच निघतं. स्वरयंत्रावरचं झाकण वळलेलं, बाजूच्या घड्या आखूड, मागचा मऊ भाग सैल. श्वास ओढला की हे सगळं आत पडतं आणि फडफडतं. आवाज श्वास घेताना येतो. उताणं, पिताना, रडताना, सर्दीत वाढतो, पालथं केल्यावर कमी होतो. रडणं स्वच्छ असतं. सहसा चार ते आठ महिन्यांपर्यंत वाढतो आणि दीड-दोन वर्षांपर्यंत जातो. बहुतेक बाळांना वेळ सोडून काही लागत नाही.

मग काळजी कशाची? दोन गोष्टींची.

एक म्हणजे वजन. बाळ जन्माच्या वजनावर दहा ते चौदा दिवसांत परत यायला हवं आणि त्यानंतर पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. श्वासाला लागणारे कष्ट दूध खातात. आवाज करणारं पण गुटगुटीत, हसरं बाळ आणि आवाज करणारं, महिनाभर त्याच वजनावर अडकलेलं बाळ, ही दोन वेगवेगळी दुखणी समजा. माता व बाल संरक्षण कार्डावरचा वजनाचा आलेख भरलेला असेल तर फरक दहा सेकंदांत कळतो. आशाताईंच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवसाच्या गृहभेटी अगदी या काळातच येतात. आवाज सुरू झाल्याचा दिवस आणि त्या दिवसाचं वजन तिथे लिहिलं गेलं तर पुढच्या डॉक्टरचं निम्मं काम झालं. वजन अडणं, श्वास थांबणं, निळं पडणं, छाती सतत आत ओढली जाणं, यातलं काही असेल तर वाट बघायची नाही. आखूड घड्या सोडवण्याची शस्त्रक्रिया तोंडातूनच, बाहेर छेद न देता होते. जठरातलं आम्ल वर येण्याचा त्रास या बाळांत बऱ्याचदा सोबत असतो, तोही बघावा.

दुसरी काळजी नावाची. एकदा कागदावर ‘लॅरिंगोमलेशिया’ लिहिलं की पुढचा प्रत्येक जण तेच उतरवतो. जिभेच्या मुळाशी असलेली पाण्याची गाठ अगदी असाच आवाज करते, आणि एकाच बाळात वर मऊ स्वरयंत्र व खाली अरुंद नलिका असे दोन दोष असू शकतात. म्हणून माझा नियम असा: चित्र तंतोतंत जुळतंय आणि वजन वाढतंय, तर दुर्बीण सवडीने केली तरी चालेल. चित्रातली एकही गोष्ट विसंगत असेल, म्हणजे दोन्ही श्वासांना आवाज, घोगरं रडणं, पाजताना ठसका, पालथं करूनही फरक नाही, तर दुर्बिणीशिवाय हे नाव लिहायचं नाही.

‘क्रूप’ पुन्हा पुन्हा होतोय?

क्रूप, म्हणजे विषाणूने येणारी स्वरयंत्राखालची सूज, सहसा सहा महिने ते तीन वर्षांतल्या मुलांचा आजार. तीन महिन्यांच्या बाळाला क्रूप झाला असं मनात आलं की थांबा.

माझी चूक सांगतो. अडीच महिन्यांची मुलगी, भुंकल्यासारखा खोकला, दोन्ही श्वासांना आवाज. स्टेरॉइड दिलं, दोन दिवसांत उतरली. मी खूश, घरचे खूश. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा स्टेरॉइड, पुन्हा बरी. तिसऱ्यांदा आली तेव्हा कानासमोरचा लाल ठिपका दिसला, जो पहिल्या दोन वेळी टोपडं न काढल्यामुळे मी पाहिलाच नव्हता. दुर्बिणीत स्वरतंतूंखाली गाठ होती. स्टेरॉइडने ती गाठही तात्पुरती आकसते. माझं औषध लागू पडत होतं आणि त्यानेच मला फसवलं. तेव्हापासून टोपडं आधी निघतं.

या गाठीचा उपचार २००८ साली बदलला. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांना दुसऱ्या कारणासाठी प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकाराचं औषध दिलेल्या बाळांच्या अशा गाठी उतरताना दिसल्या. आज तेच पहिलं औषध आहे. रक्तातली साखर पडू शकते म्हणून ते रुग्णालयात सुरू करतात आणि दूध पाजूनच देतात.

श्वास सोडताना घरघर, आणि नेब्युलायझर काही करत नाही

हल्ली घराघरांत नेब्युलायझर आहे. पहिल्या काही आठवड्यांपासून सतत शिट्टी, मशीन लावून फरक शून्य, बाळ मात्र मान मागे टाकून झोपतं, अशा वेळी श्वासनलिकेवर बाहेरून काहीतरी दाब आहे का हे बघायचं. महाधमनीची दुहेरी कमान श्वासनलिका आणि अन्ननलिका दोन्हींना कड्यासारखी वेढते. त्यामुळे घास सुरू झाल्यावर गिळायलाही त्रास होतो. नलिका नुसतीच मऊ असेल तर भुंकल्यासारखा खोकला आणि रडता रडता अचानक निळं पडणं दिसतं. अन्ननलिकेच्या जन्मजात दोषाची शस्त्रक्रिया झालेल्या बाळांत हे विशेष. मऊ नलिकेला श्वास मोकळा करणारी औषधं उपयोगी पडत नाहीत, उलट कधी त्रास वाढवतात, कारण नलिकेला ताठ ठेवणारा स्नायूच ती सैल करतात.

तपासण्या, ज्या क्रमाने त्यांचा उपयोग होतो

छातीचा आणि गळ्याचा एक्स-रे कुठेही होतो. त्यात महाधमनीची कमान कोणत्या बाजूला आहे, श्वासनलिका ढकलली गेलीय का, ते मुद्दाम बघा. ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ अडथळा नाही असा होत नाही. संशय छातीतल्या नलिकेचा असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि मग रक्तवाहिन्यांचा सीटी. बेरियम पाजून काढलेला एक्स-रे जुना झाला तरी दुहेरी कमानीचा दोन्ही बाजूंचा दाब तो अजून झकास दाखवतो.

मुख्य तपासणी मात्र दुर्बिणीचीच. पहिली, लवचिक: नाकातून, बाळ जागं, आईच्या मांडीवर, मिनिट-दोन मिनिटं. बाळ रडतं आणि तेच हवं असतं, कारण स्वरतंतू हलतात की नाही हे जागेपणीच नीट कळतं. ही दुर्बीण स्वरतंतूंपर्यंतच बघते. खालचं बघायचं तर दुसरी, ताठ दुर्बीण. भूल देऊन, पण बाळ स्वतः श्वास घेत असताना. दिवस भरलेल्या नवजात बाळाची स्वरतंतूंखालची वाट चार मिलिमीटरहून कमी भरली तर ती अरुंद म्हणायची. किती अरुंद, ते वेगवेगळ्या मापाच्या नळ्या घालून मोजतात आणि मायर-कॉटन श्रेणीत सांगतात: ५० टक्क्यांपर्यंत पहिली, ७० पर्यंत दुसरी, ९९ पर्यंत तिसरी, पूर्ण बंद म्हणजे चौथी.

निदान न झालेल्या अडथळ्याच्या बाळाला फक्त सीटीसाठी झोपेचं औषध देऊन खोलीत एकटं पाठवू नका. सोबत भूलतज्ज्ञ आणि नळी घालायची तयारी हवी. झोपेत सैल पडणारी वाट जागेपणी टिकून असते ती बाळाच्या स्वतःच्या धडपडीवर.

जायचं कुठे? लवचिक दुर्बीण बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे होते. ताठ दुर्बिणीसाठी लहान मुलांना भूल देणारी टीम असलेलं वैद्यकीय महाविद्यालय किंवा मोठं रुग्णालय हवं. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत किंवा जिल्हा रुग्णालयातून रेफर झालात तर पुढचा रस्ता सोपा जातो. कागद सोबत न्या: जन्माचं डिस्चार्ज कार्ड, वजनाचा आलेख, चारही व्हिडिओ. तिथे विचारायचे प्रश्न: स्वरतंतू दोन्ही हलताना दिसले का, स्वरतंतूंखाली बघितलं का, दुसरा काही दोष आहे का, आणि सर्दी झाली तर आम्ही कोणत्या टप्प्यावर यायचं?

निदान झालं की ते संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर पेनने लिहा, दुर्बिणीची तारीख आणि बाळाला श्वासाची कितव्या नंबरची नळी बसली तो आकडा त्याखाली. उद्या हर्नियासाठी जरी भूल द्यावी लागली, तरी रात्री अडीच वाजता तिथल्या भूलतज्ज्ञाला तुमच्या फाइलमधली तीन पानं वाचायला वेळ नसतो. त्याला तो एक आकडा हवा असतो.